सावळ्या चेहऱ्यावरचा उजेड

दर आषाढीला आणि दर गणपतीत हा वाद उठतोच. सातारा-सांगलीकडच्या कुणा तरुण चित्रकाराने टॅबवर काढलेलं वारकऱ्याचं, मावळ्याचं किंवा उसाच्या फडातल्या बाईचं चित्र मोबाइलवरून फिरू लागतं. चित्रात मेहनत असते. पटक्याची चुणी न् चुणी दिसते, टाळांची पितळी चमक दिसते, मागे सह्याद्रीची धार दिसते. मग कुणीतरी विचारतं, 'असले गोरेपान वारकरी तुम्हाला कुठल्या दिंडीत भेटले?' लगेच दुसरी बाजू उभी राहते: 'चित्र आहे, फोटो नव्हे. चित्रकाराला त्याचं काम करू द्या.' पहिली बाजू चित्रकाराच्या मनातली गुलामी शोधू लागते, दुसरी 'कलेत राजकारण आणू नका' म्हणत हात झटकते. दोन दिवसांनी वैतागलेला चित्रकार त्वचेच्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या त्या थरावर जातो, उजळपणाचा स्लायडर खाली ओढतो, चेहरा गडद करतो आणि नवी फाइल पाठवतो. तक्रार करणारे गप्प बसतात. त्या नव्या फाइलकडे मात्र नीट कुणी पाहत नाही. वारकऱ्याच्या चेहऱ्यावर आता राख फासल्यासारखी कळा आलेली असते. नाक, गाल, जबडा सगळं एका सपाट तपकिरी डागात बुडालेलं असतं. आधीचा गोरा वारकरी खोटा होता, पण जिवंत होता. हा नवा खराही नाही आणि जिवंतही नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या वादात दोन्ही बाजू रंगाच्या ठिपक्यावरून, म्हणजे त्वचेला कोणता रंग निवडला यावरून भांडतायत, आणि त्या ठिपक्यावर उजेड कसा पडतो हे दोघांनीही विचारलेलं नाही. डिजिटल चित्रांत सावळ्या आणि काळ्या माणसांवर अन्याय होतो ही तक्रार खरी आहे. पण रंग निवडताना जेवढा अन्याय होतो, त्याहून कितीतरी जास्त तो छायाप्रकाश देताना होतो, आणि म्हणूनच तो डोकी मोजून भरून निघत नाही. दहा चित्रांत सहा सावळी पात्रं आणली आणि त्या सहांच्या अंगावर गोऱ्या त्वचेसाठी शिकलेली शेडिंगची सवय चढवली, तर आपण तोच अपमान सहा वेळा केला. सावळी त्वचा रंगवण्याची एक स्वतंत्र विद्या आहे. ती शिकावी लागते, आणि आपल्याकडे ती कुणी शिकवत नाही.

आधी कारागिरीचं बोलू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोडे तिथपर्यंत पोचतात. त्वचेवर पडलेल्या उजेडाच्या दोन वाटा होतात. थोडा भाग, साधारण पाचेक टक्के, त्वचेच्या अगदी वरच्या थरावरून, तिथल्या तेलावरून आणि घामावरून तसाच परत फिरतो. तो आत गेलेलाच नसतो, त्यामुळे त्याला त्वचेचा रंग लागत नाही; वर निळं आभाळ असेल तर तो निळसर असतो, ट्यूबलाइट असेल तर पांढरा, शेकोटी असेल तर नारिंगी. उरलेला उजेड आत शिरतो. त्यातला काही मेलॅनिन शोषून घेतं, काही रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, आणि जो वाचतो तो इकडेतिकडे विखरून बाहेर येतो. आपण ज्याला माणसाचा वर्ण म्हणतो तो हा बाहेर आलेला उजेड. गोऱ्या त्वचेतून तो इतका भरपूर येतो की त्याच्यापुढे वरची चमक फिकी पडते, आणि चेहऱ्याचे चढउतार आपल्याला मुख्यतः सावलीतून कळतात. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, म्हणून आतून परतणारा उजेड कमी. वरची चमक मात्र तेवढीच राहते. त्यामुळे ती उठून दिसते. कपाळ, गालफड, नाकाची दांडी, खालचा ओठ, खांद्याचा गोळा, हे सगळं त्या चमकेतून डोळ्यांना कळतं. गोरा चेहरा सावलीने घडतो, काळा चेहरा उजेडाने घडतो. एवढं ज्याच्या डोळ्यात बसलं त्याचं निम्मं काम झालं.

आता आपली पोरं शिकतात कसं ते पाहा. फोटोशॉप असो, क्लिप स्टुडिओ पेंट असो की मोबाइलवर बोटाने चालणारं आयबिस पेंट, पद्धत एकच. खाली त्वचेचा सपाट रंग, त्यावर क्लिपिंग करून, म्हणजे त्या रंगाच्या कडेबाहेर जाणार नाही असा बांधून, 'मल्टिप्लाय' लेअर, त्या लेअरवर सावली, आणि शेवटी एअरब्रशने गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर गुलाबी. मल्टिप्लाय म्हणजे सरळ गुणाकार. संगणकात प्रत्येक रंगाचे लाल, हिरवा, निळा असे घटक ० ते २५५ या आकड्यांत असतात. उजळ त्वचेचा लाल घटक २४० असेल आणि सावलीने तो ०.७ पटीवर आणला तर १६८ होतो; ७२ चा फरक, डोळ्यात भरणारा. गडद त्वचेचा तोच घटक ९० असेल तर ६३ होतो. फरक २७ चा. भर दुपारी एसटी स्टँडवर उभं राहून मोबाइलवर चित्र पाहणाऱ्याला ही २७ ची पायरी दिसतच नाही. मग पोरगं काय करतं? सावली आणखी काळी करतं, पार ३० वर नेतं. आता डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली खड्डे पडतात, माणूस आजारी दिसू लागतो. ते सावरायला ते कपाळावर पांढऱ्याचा एअरब्रश मारतं, तर तिथे राखेचा थर चढतो. कारण खरी चमक अशी पसरट आणि पांढरी नसते, तिला जागा असते, कड असते आणि आभाळाचा रंग असतो. शिकवणीच्या व्हिडिओतली प्रत्येक पायरी त्या पोराने इमानदारीने पाळलेली असते. त्या पायऱ्याच दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यासाठी बांधलेल्या होत्या.

मी म्हणतो ते प्रत्यक्ष पाहायचं असेल तर हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात जावं आणि पोती उचलणाऱ्या एखाद्या हमालाचा फक्त हात पाहावा, कोपरापासून बोटांपर्यंत. जिथे हळदीची धूळ बसलीय तिथे त्वचेची चमक मेलेली असते, कारण धुळीचा पृष्ठभाग खरखरीत, त्यावर पडलेला उजेड चारी दिशांना फुटतो; तिथे पिवळा रंग कोरडा आणि चपटा दिसतो. जिथून घामाचा ओघळ उतरलाय तिथे धूळ वाहून गेलेली असते, आणि त्या बोटभर पट्टीत काळीभोर त्वचा एकदम लखलखते. त्या लखलखाटात शेडच्या उघड्या बाजूचं पांढरं आभाळ असतं. मनगटावरच्या शिरेच्या एका अंगाला बारीक निळसर रेघ असते, दुसऱ्या अंगाला तांबूस तपकिरी सावली. तळहाताचा हिशेब निराळा: तिथे मेलॅनिन कमी, म्हणून तो फिकट, तांबूस, पण रेषांमध्ये हळद साचून त्या गडद नारिंगी झालेल्या. बोटांची पेरं भोवतालच्या त्वचेपेक्षा काळी, नखांच्या कडा पिवळ्या. एवढं सगळं एका हातात आहे. तालमीतही असंच. लाल मातीत लोळून उठलेल्या पैलवानाच्या जबड्याखाली पाहिलं तर तिथे काळोख नसतो, खालच्या मातीवरून उसळलेला तांबडा उजेड असतो. हे रंगवायला गडद तपकिरी रंगाचा एक ठिपका आणि मल्टिप्लायचा एक लेअर पुरेल?

'चित्रकाराला त्याचं काम करू द्या' म्हणणाऱ्या स्वातंत्र्यवाल्यांच्या म्हणण्यात दम आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पात्र कल्पनेतलं असतं. ज्याला मांगा या जपानी चित्रकथांसारखी सपाट, दोन छटांची शैली आवडते त्याच्याकडून मी त्वचेच्या भौतिकशास्त्राचा हिशेब मागू शकत नाही. निळ्या त्वचेचं पात्र काढणाऱ्याला निळी माणसं कुठे असतात असं कुणी विचारत नाही, विचारूही नये. पण शैली असेल तर ती चित्रभर सारखी लागू व्हायला हवी. घोड्याच्या कातडीवर, तलवारीच्या पात्यावर, पैठणीच्या काठावर शंभर छटा आणि माणसाच्या सावळ्या गालावर दोनच, असं एकाच चित्रात असेल तर त्याला शैली कसं म्हणायचं? सपाट शैलीत सगळंच सपाट असतं. तिथे माझी तक्रार नाही.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे, आणि तो सहसा नीट मांडलाच जात नाही. सावळेपणाचा आग्रह धरणारे नकळत एक नवा साचा तयार करतात: शेतकरी काळा, हमाल काळा, वारकरी काळा, ऊसतोडीची बाई काळी, सरदार, डॉक्टर, राणी गोरी. म्हणजे वर्णाला कष्टाची आणि गरिबीची खूण करून टाकायचं. आमच्याकडे एकाच घरात थोरला गव्हाळ, मधली सावळी आणि धाकटा गोरापान असतो. माण-खटावच्या उन्हात राबणारे गोरे शेतकरी आहेत आणि कोर्टात काळ्या वर्णाचे नामांकित वकील आहेत. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यात माझ्याकडून एक भर घालतो. उन्हाने रापणं आणि जन्माचा वर्ण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चित्रकार त्यांची सर्रास गल्लत करतात. रापलेला रंग चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर असतो आणि सदऱ्याच्या बाहीपाशी थांबतो. टोपी काढली की कपाळावर त्याची रेघ दिसते. ज्याला शेतकरी रंगवायचाय त्याने ती रेघ शोधावी, सगळं अंग एका तपकिरी रंगाने भरून मोकळं होऊ नये. पण या आक्षेपातून निघतं काय? सावळी माणसं काढू नका, असं तर निघत नाही. सावळी राणी काढा, सावळा वैद्य काढा, प्रयोगशाळेतली सावळी बाई काढा, आणि तिच्या चेहऱ्यावर तेवढाच वेळ घालवा, असं निघतं.

तिसरा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो: हा अमेरिकेतला वाद आहे, तिकडचा गोऱ्या-काळ्यांचा इतिहास वेगळा, तो आमच्या माथी कशाला मारता? यातलं निम्मं खरं आहे. तिकडे वर्णामागे वंश आहे, गुलामगिरी आहे, कायदे आहेत. इकडे वर्ण जातीत आणि लग्नाच्या बाजारात गुंतलाय, पण तो गुंता इतका सरळ रेषेत नाही. तिकडच्या घोषणा उचलून इथे चिकटवल्या की लोकांना त्या परक्या वाटतात, आणि त्यात लोकांची चूक नाही. पण हत्यारं तिकडून आली आहेत, त्यांचं काय? विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅकच्या फोटो-प्रयोगशाळांत रंगांचा तोल तपासायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरत. 'शर्ली कार्ड' असं त्याला नाव पडलं. तिची त्वचा बरोबर दिसली की प्रिंट बरोबर. काळ्या माणसांच्या चेहऱ्यांचे तपशील त्या तोलात बुडून जात. पुढे फिल्म गडद तपकिरी छटा नीट पकडू लागली, त्यामागे चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातदारांच्या तक्रारी होत्या, असं त्या कंपनीत काम केलेल्या माणसांनीच अभ्यासकांना सांगितलं आहे. फिल्म बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या मनात द्वेष असायची गरजच नव्हती. कुणाचा चेहरा समोर ठेवून यंत्र जुळवलं, एवढ्याने सगळं ठरलं.

संगणकात तेच पुन्हा घडलं. २००१ साली हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेड त्वचेच्या आत शिरून कसा विखुरतो याचं व्यवहारात वापरता येईल असं गणित मांडलं. त्याआधी प्लास्टिकचे वाटणारे संगणकातले चेहरे मांसाचे दिसू लागले, आणि २००४ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या कामाला तांत्रिक पुरस्कार दिला. काम थोर आहे यात शंका नाही. पण येल विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ थिओडोर किम यांनी २०२० मध्ये नेमक्या जागी बोट ठेवलं: आतून झिरपणारी ही लाली गोऱ्या त्वचेत ठळक असते, आणि संशोधनाने तिलाच 'मानवी त्वचा' म्हणून पुढे केलं. गडद त्वचेत ठळक असते ती वरची चमक, तिच्या वाट्याला एवढं कौतुक आलं नाही. कराडमधलं एखादं पोरगं आज सावळ्या मुलीच्या कानाच्या पाळीला भगभगीत लाल रंग देतं तेव्हा त्याला यातलं काही माहीत नसतं. व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं, म्हणून ते देतं.

ठिपका बदलला की प्रश्न सुटला, ही समजूतही अशीच बाहेरून आली. १९६२ साली क्रेयोला कंपनीने 'फ्लेश' नावाच्या फिकट खडूचं नाव 'पीच' केलं. चांगलंच केलं, पण त्याने काळा चेहरा कसा रंगवायचा हे एकाही मुलाला कळलं नाही. २०१५ साली इमोजींना पाच वर्ण मिळाले. ते फिट्झपॅट्रिक यांच्या वर्गवारीवर बेतलेले आहेत. ही वर्गवारी या त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडली ती उन्हाने त्वचा भाजते की रापते हे ठरवण्यासाठी. सुरुवातीला तीत गोऱ्या त्वचेचेच गट होते, तपकिरी आणि काळ्या त्वचेचे मागाहून जोडले गेले. इमोजीत चित्र एकच राहतं आणि भरलेला रंग तेवढा पाच वेळा बदलतो. नखाएवढ्या चित्राला ते पुरे आहे. पण आपल्याकडच्या वादातले दोन्ही पक्ष माणसाच्या पूर्ण चित्राकडेही त्याच नजरेने पाहतात, आणि स्लायडर किती खाली ओढायचा यावर भांडत बसतात.

आता आपल्या घरात काय होतं ते पाहू. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात वर्णाचे गौर आणि श्याम असे दोन मोठे वर्ग केले आहेत. गौराच्या छटा दिल्या आहेत पाच, श्यामाच्या बारा. रक्तश्याम, मुद्गश्याम, दूर्वांकुरश्याम, पांडुश्याम, हरितश्याम, पीतश्याम, प्रियंगुश्याम, कपिश्याम, नीलोत्पलश्याम, चाषश्याम, रक्तोत्पलश्याम, घनश्याम. मुगाची झाक, दूर्वेच्या कोंबाची झाक, निळ्या कमळाची, तांबड्या कमळाची, चाष म्हणजे आपल्या नीलपंख पक्ष्याची, भरून आलेल्या ढगाची. ही यादी रंगाऱ्याच्या डोळ्याने वाचा. फिक्याकडून गडदाकडे जाणारी ही एकच पट्टी नाही. कुठे लाल, कुठे हिरवी, कुठे पिवळी, कुठे निळी झाक वेगळी काढलेली आहे. त्वचा गडद झाली की रंग संपतो असं आजच्या शिकाऊ चित्रकाराला वाटतं. ज्यांनी ही यादी केली त्यांना नेमकं उलटं दिसलं होतं, की गडद त्वचेत झाका वाढतात. त्याच ग्रंथात छाया देण्याला वर्तना म्हटलंय आणि तिचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकार सांगितलेत: पानासारख्या रेषांनी, अगदी बारीक हाताने, आणि ठिपक्यांनी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या आसपासच्या गडद आकृती पाहिल्या तर नाकावर, हनुवटीवर पांढुरक्या उठावाचे फटकारे दिसतात. वर सांगितलेली चमक त्या लोकांनी भिंतीवर पकडलेली आहे. तो समाज समतेचा होता असा याचा अर्थ नाही. ज्ञान असणं आणि समता असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा मुद्दा ज्ञानापुरता आहे. पण हा वाद परका आहे असं म्हणणाऱ्यांनी हे बारा श्याम एकदा मोजून पाहावेत.

मग हे ज्ञान पातळ कुठे झालं? एका उत्तरासाठी साताऱ्याहून औंधला जायला हवं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर १९३८ साली त्यांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं आहेत आणि जुन्या शैलींची लघुचित्रंही आहेत. मूळ तैलचित्रासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की रेशमावरचा, दागिन्यांवरचा, गळ्याखालचा उजेड किती बारकाईने पाहिलाय ते कळतं. पण महाराष्ट्राच्या घराघरांत रविवर्मा गेले ते या चित्रांमधून गेले नाहीत, छापील चित्रांमधून गेले. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. शिळाछापात, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापण्यात, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. छटा वाढली की दगड वाढतो, दगड वाढला की खर्च वाढतो. अशा छपाईत लक्ष्मी-सरस्वतीचा गुलाबी-पिवळट वर्ण एकदा ठरला की ठरला, आणि मागाहून आलेल्या कॅलेंडरांनी तोच कित्ता गिरवला. आधी ती छपाईची अडचण होती, मग हाताची सवय झाली, मग डोळ्यांची आवड झाली. दोन पिढ्यांनी आपण त्या आवडीला परंपरा म्हणू लागलो. आज जो चित्रकार 'देवीचा रंग असाच असतो' म्हणतो, तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छापखान्याचा हिशेब पाळतोय. टॅबवर दगडाचा खर्च नाही. तिथे लाखो रंग फुकट आहेत. मग हा काटकसरीपणा कशासाठी?

कौशल्य नाही म्हणून असं होतं, हे मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच चित्रांत आहे. ज्या चित्रात वारकरी गुलाबी असतो, त्याच चित्रात मागे विठोबा काळ्या पाषाणाचा असतो, आणि काय रंगवलेला असतो! गालावर आभाळाची निळसर झाक, समईच्या बाजूने सोनेरी कड, ओठांच्या खाली मऊ, उबदार सावली. काळा रंग कुठेही मेलेला नाही. पौराणिक चित्रांतला राक्षस पाहा: गडद त्वचा, दंडावरची शीर, घामाचा थेंब, पाठीमागून येणाऱ्या आगीची कड, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे गडद पृष्ठभागावर उजेड कसा वागतो हे आपल्या चित्रकाराला चांगलं ठाऊक आहे. ते ज्ञान त्याने देवाच्या पाषाणाला दिलं, राक्षसाला दिलं. देव आणि राक्षस यांच्या मधे जी साधी माणसं उभी आहेत, त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्याच्या हद्दीत येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते, तेव्हा आषाढातलं ढगाळ आभाळ असतं. कडक सावल्या नसतात. सगळं आभाळ एकच मोठा दिवा होतं आणि सावळ्या चेहऱ्यांवर रुंद, मऊ, करड्या-निळ्या चमका पडतात. चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण पाहायला उभ्या राहिलेल्या गर्दीत हे हजारो चेहऱ्यांवर एकाच वेळी दिसतं. पाषाणावर जे दिसतं तेच. ते माणसावर पाहायला अडचण कसली आहे?

राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो हलका नाही. साताऱ्यात, इस्लामपुरात, विट्यात डिजिटल चित्रकाराचं पोट फ्लेक्सवर, मंडळांच्या पोस्टरवर, लग्नाच्या पत्रिकांवर चालतं. गिऱ्हाईक म्हणतं, 'जरा उजळ कर.' शिवाय फ्लेक्सवर गडद रंग साचतात, बारकावे बुजतात, हे कुणीही प्रेसवाला सांगेल. ही अडचण खरी आहे. पण ती कुणाच्या बाजूने जाते? फ्लेक्सवर बुजतात त्या काळ्या सावल्या, कडा असलेल्या चमका बुजत नाहीत. म्हणूनच काळ्या विठोबाचे फ्लेक्स दर आषाढीला वीस फुटांवरूनही स्पष्ट दिसतात. सावलीत काळा न मिसळता तांबूस किंवा जांभळट गडद रंग घेतला, चमकेला नेमकी जागा दिली, केस आणि त्वचा एकमेकांत बुडू नयेत म्हणून केसांच्या कडेला थंड उजेड दिला आणि मागची पार्श्वभूमी चेहऱ्यापेक्षा फिकी ठेवली, तर सावळा चेहरा छपाईत टिकतो. आणि 'उजळ कर' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांची तक्रार चेहरा ओळखू येत नाही एवढीच असते. त्वचेचा रंग होता तसा ठेवून उजेड वाढवून दाखवला की त्यांचं समाधान होतं. हे मी अनेकदा करून पाहिलंय. काही जणांना खरोखर गोरंच हवं असतं, आईचा फोटो देऊन आईला गोरी करा म्हणणारेही भेटतात. तिथे काय करायचं हे ज्याच्या घरचा हप्ता थकलाय त्याला मी सांगणार नाही. पण जे काम आपण आपल्या मनाने, बिनपैशाचं, हौसेने करतो, त्यात तर गिऱ्हाईक नसतं. तिथेही पात्र गुलाबीच निघत असेल, तर पोटाचं कारण तिथे लागू होत नाही.

म्हणून या प्रश्नावर बोलायची जागा माझ्या मते शाळेचा चित्रकलेचा तास आहे. आपल्या राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा वर्षानुवर्षं होतात. स्मरणचित्राच्या पेपरात पोरं बाजार काढतात, पाणवठा काढतात, जत्रा काढतात, आणि सगळ्या माणसांना एकाच वाटीतला रंग लावतात: पांढऱ्यात थोडा यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, थोडा व्हर्मिलियन म्हणजे शेंदरी. ही कृती त्यांना सरांनी दिलेली असते, सरांना त्यांच्या सरांनी. पुढे हीच पोरं टॅब घेतात आणि ती वाटी सोबत नेतात. चित्रकलेच्या शिक्षकांना माझं सांगणं एवढंच आहे की वर्षातून चार तास त्या वाटीला सुट्टी द्यावी. पोरांना खिडकीपाशी जोडीने बसवावं आणि शेजारच्याचा हात रंगवायला सांगावा, नुसता हात. पांढरी ट्यूब कपाटात ठेवावी. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा एवढे तीन रंग द्यावेत आणि त्यातून त्या हाताची सावली, मधला रंग आणि पेरांवरचा गडदपणा काढून घ्यावा. हाताच्या पाठीवर खिडकी कुठे दिसते ते बोट ठेवून दाखवायला लावावं. मगच पांढरी ट्यूब बाहेर काढावी, त्यात निळ्याचा एक थेंब टाकावा आणि खिडकी दिसली होती तेवढ्याच जागी तो रंग लावू द्यावा. टॅबवरचा पहिला चेहरा त्यानंतर काढू द्यावा.